गाणाऱ्या वैद्याची पंचाईत

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर तुमच्या खापरपणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हाची. बोटं मोजत बसू नका, गोष्ट ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावरची सगळी औषधी झाडं गावच्या शेळ्यांनी खाऊन फस्त केली होती. त्यामुळे शेळ्या ठणठणीत आणि माणसं आजारी, असा तिथला कारभार. मग औषध आणायचं कुठून? तर गावच्या वैद्याने गाण्याचंच औषध केलं होतं.

हसताय काय? तुम्ही लहानपणी गुडघा फोडून घेतलात, तेव्हा आईने आधी "अले अले" केलं की नाही? हळद नंतर आली. रडू आधी थांबलं.

वैद्याच्या घराण्याची रीतच होती. पोटदुखीला खर्जातलं गाणं, तापाला संथ चालीचं, डोकेदुखीला नुसती गुणगुण. रोग्याच्या उशाशी बसून तो गायचा आणि रोग्याला बरं वाटायचं. हे राजाच्या कानावर गेलं. राजाने त्याला रेशमी फेटा बांधला. आता फेटा एकटा कधी येत नाही, बरोबर गर्दी घेऊन येतो. दहा गावचे लोक कण्हत कुंथत वैद्याच्या दारात उभे राहू लागले.

एकेकाच्या उशाशी बसायचं म्हणजे जन्म पुरायचा नाही. वैद्याने युक्ती काढली. देवळापुढच्या अंगणात पोटवाले डावीकडे बसवले, डोकेवाले उजवीकडे, तापवाले पिंपळाखाली. आपण ओट्यावर उभा राहून एकेका बाजूला तोंड करायचा आणि खणखणीत गायचा. बरेच लोक बरे व्हायचे. त्यातले निम्मे सर्दीचे. सर्दी काय, गायलं तरी जाते आणि शिव्या घातल्या तरी जाते. पण हे वैद्याला सांगणार कोण?

एके दिवशी घोटाळा झाला. ऊन फिरलं, तसे लोक सावलीसाठी सरकले. डोकेवाले डावीकडे आले, पोटवाले उजवीकडे गेले आणि तापवाले जागा मिळेल तिथे घुसले. वैद्य डोळे मिटून गात होता, त्याला पत्ता नाही. गाणं संपल्यावर एक म्हातारा पोटावरून हात फिरवत पुढे आला.

"वैद्यबुवा, पोट कसं हलकं झालं बघा!"

वैद्य चमकला. "आजोबा, तुम्ही उजवीकडे कसे? तिकडे तर मी डोक्याचं गाणं गायलो."

"असेल बुवा," म्हातारा म्हणाला. "माझं पोट काही शिकलेलं नाही. त्याला काय कळतंय!"

लोक हसले. वैद्याला मात्र हसू येईना. जेवताना त्याचा घास हातातच राहिला. डोक्याचं गाणं पोटाला लागतं, तर मग पोटाचं कशाला लागत असेल? बापजाद्यांची रीत खोटी म्हणावी, तर माणसं बरी होत होती. खरी म्हणावी, तर म्हातारा उजवीकडे बसला होता. विचार करकरून त्याचंच डोकं दुखायला लागलं, आणि आता त्यावर कोणतं गाणं म्हणावं, हेही कळेना.

अशात त्याची थोरली बहीण गोजराक्का आजारी पडली.

वैद्याची आई लवकर गेली होती. आक्कानेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिचा आवाज असा, की ती अंगणात बोलली तर वेशीवरचे कावळे उडायचे. भिंतीपलीकडे ठकूबाई राहायची. दोघींचं जन्माचं वैर. रोज पहाटे दोघी आपापल्या घरात जात्यावर बसायच्या आणि दळता दळता भिंतीतून एकमेकींना ओव्यांतून टोमणे मारायच्या. हिने एक ओवी टाकायची, तिने उलटी फेकायची. गाव त्या भांडणावर जागं व्हायचं.

ती ठकूबाई वारली. तिच्या दहाव्यापासून गोजराक्काचं बोलणं बंद झालं. दळण बंद झालं. अन्नही जाईना. दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायची. बघता बघता बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"वैरीण गेली, हिने तर पेढे वाटायला हवेत," शेजारीपाजारी म्हणाले. "हिला झालं काय?"

वैद्याने पोटाचं गाणं म्हटलं. डोक्याचं म्हटलं. तापाचं म्हटलं. मग उलट क्रमाने म्हटलं. आक्का ढिम्म. गाव मदतीला धावलं. कुणी म्हणालं, झांजा वाजव. कुणी म्हणालं, शंख फुंक. एकाने तर ढोल आणला. तो वाजवल्यावर शेजारच्या गावची म्हैस दावं तोडून पळाली. आक्काने फक्त कूस बदलली.

"आक्के, एक घास खा गं," वैद्य रडवेला होऊन म्हणायचा. "तू गेलीस तर मला 'मेल्या' कोण म्हणेल?"

मग तो पुन्हा गायचा, आणखी मोठ्याने.

गाऊन गाऊन घसा बसला, तेव्हा तो परसात येऊन टेकला. तिथे टोपलीत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती 'कुक् कुक्' करायची, थांबायची, मान वाकडी करायची, मग पुन्हा 'कुक् कुक्'. त्या काळी कोंबड्या बोलायच्या. आताही बोलतात म्हणा, पण आता आपल्यालाच फार बोलायचं असतं.

"काय गं," वैद्य म्हणाला, "मध्येच थांबतेस? पुढचं विसरतेस की काय?"

"थांबते म्हणून तर पिल्लं होतात," कोंबडी म्हणाली. "आतलं पिल्लू बारीक चिवचिवतं. ते काय म्हणतंय ते ऐकते, मग माझं बोलते. तू सकाळपासून ओरडतोयस, एकदा तरी थांबलास का?"

"थांबलो की! पाणी प्यायला थांबलो."

"ते तुझ्या घशासाठी. तिच्यासाठी कधी थांबलास?"

वैद्य आणखीच गोंधळला. वैद्याने गायचं नाही, तर करायचं काय? पण घसा बसलाच होता, तेव्हा न गाण्यावाचून इलाजही नव्हता. तो आक्काच्या अंथरुणाशी जाऊन भिंतीला टेकून बसला. गप्प बसणं त्याला फार जड गेलं. ओठ आपोआप हलायचे, तो ते दाबून धरायचा. बसल्या जागीच त्याचा डोळा लागला.

पहाट झाली. वैद्याला जाग आली. चिमण्या बोलू लागल्या होत्या. पण भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. इतके दिवस ते आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्याने आक्काकडे पाहिलं. ती पडल्या पडल्या उजवा हात जमिनीवर गोल गोल फिरवत होती, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. ओठ पुटपुटत होते. वैद्याने कान अगदी जवळ नेला. घोगऱ्या आवाजात ती म्हणत होती:

"भिंतीपल्याडची बाई, कशी भाकर भाजिती
काळा कोळसा ताटात, वर तूप गं वाढिती"

आणि ती थांबली. कान भिंतीकडे लावून वाट बघत राहिली. भिंत गप्प. पुन्हा तीच ओवी, पुन्हा तसंच थांबणं. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं.

वैद्य पेचात पडला. आता गावं की गप्प राहावं? गावं तर काय गावं? घराण्याचं एकही गाणं इथे चालणारं नव्हतं. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि बसक्या, फाटक्या, पार बेसूर आवाजात ठकूबाईच्या वतीने उलटी ओवी फेकली:

"माझे शेजारणीबाई, तुझ्या जिभेला गं धार
विळा कशाला शेतात, कापी जोंधळं ती फार"

आक्का ताडकन उठून बसली.

"मेल्या! ठकी असं म्हणेल होय? ती म्हणायची तर घाव बसायचा घाव! तू काय पुचाट म्हणतोस!" आणि मग तिला जो हुंदका फुटला, तो थांबेचना. "माझ्याशी भांडायला आता कोण रे राहिलं? कोण राहिलं?"

ती इतक्या मोठ्याने रडली की वेशीवरचे कावळे उडाले. वैद्याने तिला रडू दिलं. मध्ये एक सूरही काढला नाही. रडणं सरल्यावर ती पदराने नाक पुसत म्हणाली, "बघत काय बसलास ठोंब्यासारखा? चूल पेटव. भूक लागलीय मला."

"आक्का, पण गुण कशाने आला?" वैद्याने चुलीत फुंकर घालता घालता विचारलं. "ओवीने, की माझ्या बेसूर आवाजाने, की रडण्याने?"

"मला काय विचारतोस? वैद्य तू!"

ते कोडं त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही. पण देवळापुढची गर्दी त्याने त्याच दिवशी बंद केली. एका वेळी एक रोगी, आणि आधी रोग्याने बोलायचं, कण्हायचं, रडायचं, शिव्या घालायच्या. वैद्य गाणार, ते त्यानंतर.

आणि रोज पहाटे तो ठकूबाईच्या रिकाम्या घरात तिच्या जात्याशी जाऊन बसू लागला. भिंतीतून आक्काचे टोमणे झेलायचे आणि जमेल तसं उलटून म्हणायचं. एकदा राजाची पालखी त्याला न्यायला आली, तर कारभाऱ्याला दारात ताटकळत उभं राहावं लागलं.

"वैद्यबुवा, राजेसाहेब खोळंबलेत!" कारभारी ओरडला.

"खोळंबू देत," आतून वैद्य म्हणाला. "माझी बहीण अजून बोलतेय."

मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो, तात्पर्य एवढंच: दुखणेकऱ्याला जो आधी कान देतो, त्याच्याच आवाजाला गुण येतो.