हनुवटीवरचा व्रण

“बाबा, उद्या माझं बोट थरथरलं तर?”

तुळशीदास शेठ फकिराच्या मठीच्या, म्हणजे तक्याच्या, ओट्यावर अजून टेकलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी तुरुंगात ओळख परेड होती. रांगेत उभ्या केलेल्या आठ जणांतून त्यांना आपल्या दुकानात शिरलेला दरोडेखोर ओळखून द्यायचा होता.

दस्तगीर फकीर चुलीवर चहा ठेवत होते. “कशाला थरथरेल?”

“तेच तर! चाळीस वर्षं कापड विकतोय. एकदा पाहिलेलं गिऱ्हाईक मी विसरत नाही.” शेठ ओट्यावर टेकले. “सकाळी त्या पकडलेल्याची आई दुकानात आली. नुसते पाय धरले. तेव्हापासून धंद्यात लक्ष नाही. तुम्ही डोक्यावर हात ठेवा, म्हणजे झालं.”

बाबांनी हात ठेवला नाही.

“कसा होता तो?”

“काळासावळा. हनुवटीवर आडवा व्रण. डोळे मिटले तरी दिसतो! आमच्या दिवाणजींच्या डोक्यात गज घातला आणि मला ढकलून पळाला.”

“तोंड उघडं होतं?”

“नाही, रुमाल बांधला होता. नाकावरून.”

बाबांनी खांद्यावरचा हिरवा रुमाल काढला, नाकावरून घेतला आणि मानेमागे गाठ मारली. नुसते डोळे उरले.

“माझी हनुवटी कशी आहे, शेठ?”

एवढ्या काळजीतही शेठना हसू आलं. “मेंदीनं रंगवलेली दाढी आहे.”

“रुमालातून दिसते?”

“छे! तुम्ही बांधायच्या आधी पाहिली ना.”

“आणि त्याची?”

चहा उतू गेला. कुणीच हात पुढे केला नाही.

“नंतर,” शेठ कसेबसे म्हणाले. “हवालदारानं पकडलेल्याचा फोटो दाखवला होता. चार वेळा.”

डोळे मिटून ते रुमालवाला आठवू लागले. दर वेळी फोटोच समोर येई. तिकडे दिवाणजी अजून शुद्धीवर नव्हते, आणि त्या बाईच्या हातांचा स्पर्श पायांवरून जात नव्हता.

“मग उद्या मी काय करू, बाबा?”

बाबांनी गाठ सोडली. रुमाल शेठच्या हातावर ठेवला.

“परेड घेणाऱ्या साहेबांना म्हणा, आठही जणांची तोंडं बांधा. मग उचला बोट... आणि थरथरलं, तर थरथरू द्या.”