इवलीची शेपटी हलकी झाली

एक होतं टाकं. गोल गोल, पत्र्याचं टाकं. गुरांना पाणी पाजतात ना, तसलं. पण या टाक्यावर म्हैस येत नव्हती हं! या टाक्यात छोटी अबोली डुंबायची. छपाक छपाक! छपाक छपाक!

टाकं होतं परसात. भिंतीला टेकलेलं, बदामाच्या झाडाखाली.

एकदा काय झालं? घरातली सगळी माणसं लग्नाला गेली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले आठ दिवस गेली. टाक्यावर झाकण घालायचं राहिलं. पाणी फिरवणारी मोटर बंद राहिली. बदामाची पानं पडली. टप! टप! टप! परत येऊन बघतात तर काय? पाणी हिरवंगार! तळ दिसेना.

त्याच परसात राहायची एक चिचुंद्री. तिची चार पिल्लं. चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे?

आई पुढे.
आईची शेपटी थोरलीच्या तोंडात.
थोरलीची शेपटी मधल्याच्या तोंडात.
मधल्याची शेपटी इवलीच्या तोंडात.
आणि इवलीची शेपटी शेंडूच्या तोंडात.

शेंडू म्हणजे शेंडेफळ. सगळ्यांत धाकटा. शेंगदाण्याएवढा!

आई रोज सांगायची, "शेपटी सोडायची नाही." कोणी सोडायचं नाही. तोंडात शेपटी असली की बोलता येत नाही. म्हणून त्यांच्यात भांडणंही नव्हती. तुमच्यासारखं नाही!

एका सकाळी सगळे घरी निघाले. भिंतीवरून टाक्याच्या काठावर. काठावरून पायरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

शेंडूच्या नाकात गेली धूळ. नाक हुळहुळलं. शिंक आली. आक्... आक्... आक् छी!

तोंड उघडलं. शेपटी सुटली.

डुबुक!

इवली थांबली. तिची शेपटी हलकी झाली. एकदम हलकी. तिने मागे बघितलं. मागे कोणीच नाही.

तिने खाली बघितलं. खाली हिरवं हिरवं पाणी. शेंडू बुडाला. शेंडू वर आला. एका बदामाच्या पानावर कसाबसा चढला. "चूं!" म्हणाला. अगदी बारीक.

आई खाली उतरायला गेली. पत्रा गुळगुळीत. पाय घसरले. आई कशीबशी वर आली. भिंतीवर बसला होता कावळा. त्याने मान वाकडी केली. "का? का?"

आई म्हणाली, "मी इथून हलले, तर कावळा झडप घालेल. मी इथेच थांबते. मदत कोण आणेल?"

थोरली थरथर कापली. मधला थरथर कापला. इवलीही थरथर कापली. ती म्हणाली, "शेंडू माझ्या शेपटीला होता. मी जाते."

आणि मग तिला आठवलं. ती एकटी कधी चाललीच नव्हती. पुढे शेपटी नाही. मागे शेंडू नाही. तरी ती गेली.

भिंतीवर होता खिळा. खिळ्यावर होती जाळी. लांब दांड्याची, पानं काढायची जाळी. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

"जाळीताई, जाळीताई, शेंडूला उचल!
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

जाळी म्हणाली, "मी नाही उचलत. मी आपली खिळ्याला लटकलेली. अबोलीने धरलं, तर उचलते."

इवलीने मागे बघितलं. पानाचं एक टोक बुडालं होतं. कावळा एक उडी पुढे आला होता. टप्!

अबोली बसली होती पायरीवर. गुडघे पोटाशी धरून. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

"अबोली, अबोली, जाळीला धर!
जाळी शेंडूला उचलत नाही.
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

अबोली म्हणाली, "मी नाही धरत. पाणी हिरवं आहे. तळ दिसत नाही. तळाशी काळं काळं काहीतरी असेल. मला भीती वाटते. पाणी निवळलं, तर धरते."

इवलीने मागे बघितलं. पानाचं दुसरं टोक बुडालं होतं. कावळा दोन उड्या पुढे आला होता. टप्! टप्!

पाणी होतं टाक्यात. गप्प गप्प, हिरवं हिरवं. इवली काठावर गेली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

"पाणीदादा, पाणीदादा, निवळून जा!
अबोली जाळीला धरत नाही.
जाळी शेंडूला उचलत नाही.
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

पाणी म्हणालं, "डब्ब... डब्ब... मी नाही निवळत. एका जागी बसून बसून मी आंबलो. मोटर फिरली, तर निवळतो."

इवलीने खाली बघितलं. शेंडूचे पाय भिजले होते. कावळा तीन उड्या पुढे आला होता. टप्! टप्! टप्!

मोटर होती टाक्याशेजारी, विटांवर. आठ दिवस गाढ झोपलेली. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

"मोटरमावशी, मोटरमावशी, गरगर फिर!
पाणी निवळत नाही.
अबोली जाळीला धरत नाही.
जाळी शेंडूला उचलत नाही.
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

मोटर म्हणाली, "मी नाही फिरत. आपोआप फिरायला मी काय भोवरा आहे? अबोलीच्या बाबांनी बटण दाबलं, तर फिरते."

इवलीने मागे बघितलं. शेंडूचं पोट भिजलं होतं. कावळा टाक्याच्या काठावर आला होता. आई दात विचकून उभी होती. "चीं! चीं! चीं!"

बाबा होते तिथेच, उकिडवे बसलेले. नाकावर चष्मा, हातात काठी. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

बाबांनी नाक वर केलं. "हा कसला वास?"

"माझा," इवली म्हणाली. चिचुंद्रीला वास येतोच. त्यात लाजायचं काय? आणि लाजायला वेळ कुठे होता?

"बाबा, बाबा, बटण दाबा!
मोटर फिरत नाही.
पाणी निवळत नाही.
अबोली जाळीला धरत नाही.
जाळी शेंडूला उचलत नाही.
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

बाबा म्हणाले, "मी नाही दाबत. नळी तुंबलीय. नळी तुंबलेली असताना बटण दाबलं, तर मोटर जळेल. नळी मोकळी झाली, तर दाबतो."

इवलीने मागे बघितलं. शेंडूची पाठ भिजली होती. आता तो "चूं" सुद्धा म्हणत नव्हता.

नळी पडली होती जमिनीवर. बाबांनी काढून ठेवलेली. लांब लांब नळी. काळं काळं तोंड. इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. छातीत धडधड धडधड.

"नळीबाई, नळीबाई, मोकळी हो!
बाबा बटण दाबत नाहीत.
मोटर फिरत नाही.
पाणी निवळत नाही.
अबोली जाळीला धरत नाही.
जाळी शेंडूला उचलत नाही.
पान भिजतंय.
कावळा बघतोय.
माझी शेपटी हलकी झाली!"

नळी म्हणाली, "हूंऽऽ... मी कशी होऊ मोकळी? माझ्या घशात बोळा बसलाय. बाबांनी बोट घातलं, पोचलं नाही. काठी घातली, वळली नाही. बारीक तोंडाचं कोणी आत आलं, तर होते मोकळी."

बारीक तोंडाचं? कोण बरं?

बाबा? छे! बाबांचं तोंड केवढं!
अबोली? छे! अबोलीचे गाल केवढे!
मग कोण?

हो. इवली.

इवलीने नळीत बघितलं. आत काळोख. पुढे धरायला शेपटी नाही. मागे ओढायला शेंडू नाही. इवलीला रडू आलं. तिला घरी जावंसं वाटलं. आईच्या पोटाखाली शिरावंसं वाटलं.

तिने मागे बघितलं. पान दिसेना. शेंडू दिसेना. हिरव्या पाण्यावर एक नाक दिसत होतं. एवढंसं नाक.

इवलीने डोळे मिटले. आणि ती आत शिरली.

काळोख. काळोख. चिकट चिकट. थंड थंड. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

नाकाला काहीतरी लागलं. बोळा! इवलीने दात रोवले. ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना. पाय रोवून ओढला. निघाला! इवली मागे मागे आली. मागे मागे, मागे मागे, आणि धपकन बाहेर!

बोळा कसला होता? थोडं शेवाळ. थोडी पानं. आणि एक लांबच लांब रिबीन. लाल.

"माझी रिबीन!" अबोली ओरडली. डुंबताना हरवली होती. अबोलीने कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग काय विचारता!

नळी मोकळी झाली.
बाबांनी नळी जोडली. बाबांनी बटण दाबलं. खट्!
मोटर फिरली. घुर्रर्र!
पाणी हललं. पाणी फिरलं. गोल गोल, गोल गोल. हिरवी साय बाजूला सरकली. पाणी निवळलं.
तळ दिसला.

तळाशी काय होतं? काळं काळं काही? छे! एक होती वाटी. एक होता चमचा. अबोलीचाच भातुकलीचा.

अबोलीला अजून भीती वाटत होती. पण थोडी. अबोली उठली. अबोलीने जाळीला धरलं.

तेवढ्यात कावळ्याने पंख उघडले. झप्प!

आई ओरडली, "चीं!"

जाळी आली. सुळ्ळकन!

कावळा आधी? की जाळी आधी?

जाळी आधी! जाळीने शेंडूला उचललं. कावळ्याच्या चोचीत आलं नुसतं पान. ओलं, बुळबुळीत पान. "का? का?" कावळा पान टाकून उडून गेला. भुर्रर्र!

अबोलीने जाळी पायरीवर ठेवली. हळू. अगदी हळू.

शेंडू हलेना.

आईने त्याला चाटलं. डोकं चाटलं. पाठ चाटली. शेंडू हलेना. बाबांनी चष्मा काढला. अबोलीने तोंडावर हात ठेवला. इवली जवळ गेली. तिने शेंडूच्या नाकाला नाक लावलं. नाक थंडगार होतं.

आणि मग...

आक्... आक्... आक् छी!

अबोली हसली. बाबा हसले. आईने शेंडूला पोटाखाली घेतलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. "वेड्या," ती म्हणाली, "शिंक आली की आधी पाय आपटायचा. म्हणजे सगळे थांबतील."

बाबांनी जाळीने सगळी पानं काढली. अबोलीने ब्रशने पत्रा घासला. खस खस खस! मग अबोली म्हणाली, "बाबा, आत एक फळी ठेवू या. तिरकी. काठापासून पाण्यापर्यंत. म्हणजे कोणी पडलं, तर चढून येईल."

बाबांनी फळी ठेवली. ती रोज असते तिथे. अबोली डुंबायला उतरली, की फळी बाहेर. अबोली बाहेर आली, की फळी आत. आणि वर झाकण!

ऊन चढलं. चिचुंद्री घरी निघाली.

आई पुढे.
आईची शेपटी थोरलीच्या तोंडात.
थोरलीची शेपटी मधल्याच्या तोंडात.
मधल्याची शेपटी इवलीच्या तोंडात.

इवली थांबली. तिची शेपटी हलकी होती. अजून हलकी. ती वाट बघत राहिली.

मग शेपटीला काहीतरी ओलं लागलं. बारीक बारीक दात लागले. हळूच ओढल्यासारखं झालं.

इवलीची शेपटी जड झाली.

तिने मागे वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. तुरुतुरु तुरुतुरु.

टाक्यात आली फळी,
बिळात गेली साखळी,
आणि आमची गोष्ट झाली मोकळी!