नतमान मेंढीचा शोध

काळदरा नावाचं एक जंगल होतं आणि त्या जंगलात लोकशाही होती. दर पाच वर्षांनी ती पाणवठ्यावर यायची, सगळ्यांना हात जोडायची आणि परत गुहेत जायची.

पशुसंवर्धन खातं लांडगेसाहेबांकडे होतं. मेंढ्यांविषयी त्यांच्याइतकी आस्था जंगलात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

एका वर्षी मेंढ्यांनी तक्रार केली की आमची कोकरं जगत नाहीत. निवडणूक तोंडावर आली होती, म्हणून साहेबांना ती लगेच ऐकू आली. ते गहिवरले. "मेंढी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे," ते म्हणाले. "प्रत्येक कोकराची चव... चणचण मला जाणवते. याचं शास्त्रीय संशोधन झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!"

टेकडीमागे मेंढी संशोधन केंद्र उघडलं. तिथे डॉक्टर साळूबाईंची नेमणूक झाली. कोणत्या चाऱ्याने दूध उतरतं, कोणत्या मेंढ्याची पिल्लं काटक निपजतात, यातच त्यांची उमर गेली होती. अंगावर काटे होते, पण स्वभाव मऊ. प्रामाणिक तर इतक्या, की अशा बाईला सरकारी जागा कशी मिळाली याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

साळूबाईंनी साधा प्रयोग केला. वीस मेंढ्या उघड्या माळावर ठेवल्या, वीस मेंढ्या बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात. चारा तोच, पाणी तेच. दोन हंगाम गेले. कुंपणात जवळजवळ सगळी कोकरं जगली. माळावर तीन उरली, त्यातलं एक लंगडं.

अहवाल एका ओळीचा होता : "कोकरं लांडगे खातात."

साहेबांनी तो दोनदा वाचला. शेजारी खात्याची सचिव घोरपड बसली होती. ती त्या खुर्चीवर चार सरकारांपासून बसली होती.

"डॉक्टर, भाषा फार कडक आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, यापेक्षा मऊ शब्दांत कोकरं मरत नाहीत."

"निष्कर्षावर आमचा आक्षेप नाही," घोरपड म्हणाली, "दिशेवर आहे. लांडगा का खातो यापेक्षा मेंढी का खाल्ली जाते, हे शोधायला हवं. दोष वाणात असणार."

"बरोब्बर!" साहेबांनी पंजा आपटला. "ही मेंढी उगाच मान वर करते. मान वर केली की काहीतरी दिसतं. दिसलं की घाबरते. भीतीने दूध आटतं आणि कोकरू दगावतं. मला मान खाली ठेवणारी मेंढी तयार करून द्या."

साळूबाई उठल्या. घोरपडीने शांतपणे सांगितलं, "नाहीतर कुंपण उद्या काढावं लागेल. ते प्रयोगापुरतंच मंजूर होतं."

साळूबाई परत बसल्या. कुंपणात एकोणीस कोकरं होती. त्यांनी मनाशी विचार केला की असा वाण उतरायला पन्नास पिढ्या लागतील, तोवर हे सरकार थोडंच राहणार आहे? त्यांनी सही केली.

पण त्यांना वाईट काम करताच येत नव्हतं. पडक्या मानेचे मेंढे निवडले, तशाच मेंढ्यांशी जोड्या लावल्या, नोंदी चोख ठेवल्या. चौथ्याच पिढीला मान खाली असलेली मेंढी जन्मली. गवत आणि पाय, एवढंच तिला दिसायचं. तिचं नाव ठेवलं 'नतमान'.

जंगलभर जल्लोष झाला. "खाली मान, जंगल महान!" ही घोषणा झाडाझाडावर लागली. लवकरच माळ नतमान मेंढ्यांनी भरला. मग साहेबांनी मंत्रिमंडळासाठी खुरांचे जोडे शिवून घेतले. खुरं कुठून आणली हे कुणी विचारलं नाही, कारण आणली ती सगळ्यांच्या खाली घातलेल्या मानांवरून. आता मंत्री कळपातून निवांत फिरत, आणि मेंढ्या आपसांत म्हणत, "आपल्यातलेच दिसतात. किती साधी राहणी!"

मग कुंपण निघालं. सुधारित मेंढीला कुंपण म्हणजे तिच्या स्वातंत्र्याचा अपमान, असा अध्यादेश आला. साळूबाई धावत कचेरीत गेल्या. कुंपण प्रयोगापुरतंच होतं, असं सांगून घोरपडीने त्यांना त्यांचीच सही दाखवली.

कुंपणातल्या जुन्या वाणाच्या मेंढ्यांत चांदरी नावाची मेंढी होती. तिला मान वर करता यायची. कुंपण निघालं त्या सकाळी तिने ती वर केली आणि तिला दिसलं की खुरांच्या वर केसाळ पाय आहेत, पायांवर पोट आहे आणि पोटावर तोंड आहे, आणि त्या तोंडात तिचं कोकरू आहे.

"लांडगा! अगं बायांनो, लांडगा!" ती किंचाळली.

कळपाने इकडेतिकडे पाहिलं. म्हणजे खाली पाहिलं.

"कुठाय? खुरं तर आपलीच आहेत," एक मेंढी म्हणाली.

"हिला आपल्या जंगलाचं काही चांगलंच दिसत नाही," दुसरी म्हणाली. तिचंही कोकरू सकाळपासून दिसत नव्हतं, पण ते चरायला पुढे गेलं असेल असं तिला वाटत होतं.

निवडणूक झाली. नवी पद्धत सोपी होती : उमेदवाराचं नाव पुकारायचं, ज्यांची मान खाली त्यांचा पाठिंबा. पहिलं नाव लांडगेसाहेबांचं होतं. दुसरं पुकारायची गरज पडली नाही. चांदरीचं मत बाद झालं, आणि मान वर करणारा वाण भेसळीचा ठरवून त्याच्या पैदाशीवर बंदी आली.

साळूबाई ओढ्याकाठी चांदरीला शोधत गेल्या. चांदरी चरत नव्हती, नुसती उभी होती.

"चांदरे, हे माझ्यामुळे झालं," साळूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, निदान तुमची एकोणीस वाचतील."

चांदरीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही वाईट नव्हतात. तुम्ही हुशार होतात आणि हो म्हणालात."

साळूबाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द घोरपडीने आपल्या हाताने घातले. जुन्या वाणाच्या सहा मेंढ्या आणि एक मेंढा घेऊन साळूबाई आणि चांदरी डोंगरापलीकडे गेल्या. तिथे चारा कमी आहे, वारा बोचरा आहे आणि बाभळी भरपूर आहेत. गेल्या हंगामात तिथे चार कोकरं झाली. चौघंही आल्यागेल्याकडे मान वर करून बघतात, आणि त्यामुळे पाहुणे फारसे येत नाहीत.

काळदऱ्यातलं केंद्र मात्र जोरात चाललं आहे. सध्या तिथे जंगलाला रोज बातम्या सांगणाऱ्या पोपटांवर काम सुरू आहे. ते अपेक्षेआधीच संपेल असं कळतं, कारण त्या वाणात सुधारण्यासारखं काही सापडलेलंच नाही.