पाणी उपसण्याचे गाणे

पूर्वी शूर्पारकाच्या गादीवर महासेन राजा होता. त्या काळी समुद्राकाठच्या एका खेड्यात, काथ्याने नावा शिवणाऱ्यांच्या घरी बोधिसत्त्व जन्माला आला होता. तेव्हा त्याचे नाव होते नागिल.

एकदा वसुल नावाच्या व्यापाऱ्याची मोठी नाव त्या खेड्याच्या किनाऱ्याला लागली. "नारळ भरू लागा, पोटभर जेवू घालतो," असे गोड बोलून त्याने गावातली माणसे नावेवर बोलावली. सगळी तळाशी उतरली आणि वरची झडप बंद झाली. जेवण कसले अन् काय! हत्यारबंद गड्यांनी एका लांब साखळीत सगळ्यांचे पाय अडकवले. दूरदेशच्या बाजारात यांना गुरांसारखे विकायचे, असा त्या मेल्याचा बेत होता.

आता, वसुलाची नावही शिवलेलीच, आणि शिवलेली नाव म्हटली की ती पाझरायचीच. तळाचे पाणी पोहऱ्यांनी हातोहात वर चढवून नावेच्या कुशीतल्या मोरीतून समुद्रात ओतायचे काम कैद्यांच्या गळ्यात पडले. हात लयीत चालावेत म्हणून उपसताना गाणे म्हणायची नाविकांची रीत आहे. वसुलाची माणसे वरून तेवढे गाणे ऐकायची. गाणे चालू म्हणजे उपसा चालू! खालच्या घाणीत उतरून बघण्याची हौस कोणाला होती?

दोन दिवसांनी खंडक नावाच्या तरण्या कोळ्याचा भाऊ तापाने फणफणला. "आजारी माल कोण घेणार?" म्हणत वसुलाने त्याला जिवंत समुद्रात ढकलून दिले. खंडकाने साखळी इतकी ओढली की घोट्यांतून रक्त आले. नागिलच्या काळजाला घरे पडली. आज गप्प बसलो तर एकेक करून सगळेच जाणार, हे त्याला लख्ख दिसले.

तो हळू आवाजात म्हणाला, "गड्यांनो, गाणे चालू ठेवायचे, पण पाणी बाहेर ओतायचे नाही."

"अरे लेका, बुडून मरू ना!" म्हातारी वारुणी म्हणाली.

"मावशी, नाव जड झाली की वरच्यांची पाचावर धारण बसेल. साखळीत अडकलेल्यांकडून झटपट उपसा होत नाही, तेव्हा त्यांनाच साखळी काढावी लागेल. धोका आहे, खोटे कशाला बोलू? तुम्ही नको म्हणालात तर नको."

म्हातारीने पोहरा उचलला. मग तिनेच सूर लावला.

काय गायली ती माणसे! खच्चून गायली. भरलेला पोहरा वर जायचा आणि तिथूनच पुन्हा तळाशी रिता व्हायचा. वर वसुल खुशीत म्हणाला, "चांगली वठणीवर आलीत!" इकडे पाणी गुडघ्याला आले, मग कमरेला. भीतीने नागिलचेही दात वाजत होते, पण त्याने आवाज खाली येऊ दिला नाही.

भर दुपारी नाव एका अंगाला कलली. झडप उघडून वसुल आत डोकावला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, बघता काय! साखळी काढा! सगळे मिळून उपसा!"

गडी धावत खाली आले आणि त्यांनी साखळी सोडवली. शेवटचा पाय मोकळा झाला तसे नागिल ओरडला, "आता!" पाण्यात धडपडणाऱ्या गड्यांच्या तलवारी क्षणात हिसकावल्या गेल्या. पोहऱ्यांचे तडाखे बसू लागले. म्हातारी वारुणीसुद्धा एकाच्या शेंडीला लोंबकळली होती! बघता बघता गाव वर, उजेडात आले. वसुलाने गुडघे टेकले.

मग मालक-गडी, कैदी सगळ्यांनी मिळून पाणी उपसले. नाव सरळ झाली, तसा खंडक साखळी घेऊन वसुलाकडे वळला.

"आधी याच्या पायात ही घालतो, मग याला भावाच्या वाटेने धाडतो."

नागिल मध्ये उभा राहिला. "खंडका, तुझा भाऊ माझाही होता रे. याला राजापुढे उभा करू, याचे पाप चारचौघांत सांगू. पण बेडी घालणारी माणसे कशी होतात, ते आपण पाहिलेय. आपल्याला तसे व्हायचे नाही."

खंडक नावेच्या कडेला गेला. मग हंबरडा फोडून त्याने साखळी समुद्रात भिरकावली. नावेवर एकच जल्लोष झाला. कोळ्यांनी सुकाणू हाती घेऊन नाव घराकडे वळवली.

राजाने वसुलाचे सारे धन जप्त केले, ती नाव गावाला दिली आणि आपल्या राज्यात माणसांचा बाजार कायमचा बंद केला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, वारुणी म्हणजे आज विहारात पहाटे सर्वांना जागवणारी थेरी, ती वृद्ध भिक्षुणी. वसुल म्हणजे समोर बसलेला हा आंधळा वृद्ध भिक्षू. त्याच्या शेजारी बसलेला जो भिक्षू हात धरून रोज त्याला भिक्षेला नेतो, तोच तेव्हाचा खंडक. आणि नागिल मीच होतो. बेडी तोडायला बळ लागते, आणि तुटलेली बेडी दुसऱ्याच्या पायात न घालायला त्याहून मोठे बळ लागते. या बळाला वीर्यपारमिता, म्हणजे पराक्रमाची परिपूर्णता, म्हणतात."

वृद्ध भिक्षूने चाचपडत शेजाऱ्याचा हात शोधला. तो हात आधीच पुढे आला होता.