बोगद्यातली कुपी आणि आभाळातली कुपी

समुद्राकाठी एक गाव होतं आणि गावच्या टेकडीवर वाऱ्याचा बोगदा होता. लोखंडी, हत्ती शिरेल एवढा. माणसाला आभाळातून खाली आणणारी जी कुपी असते, तिची छोटी नक्कल त्यात ठेवायची, वादळासारखा वारा सोडायचा आणि ती कशी वागते ते बघायचं. बोगदा सुरू झाला की गावातले दिवे मंद व्हायचे. बायका चुलीपाशी म्हणायच्या, "लागला आजगावकरांचा पंखा!" काय दिवस होते ते. आता वाऱ्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर रंगीत चित्रं काढतात. कुणाच्या कानाला दडे बसत नाहीत की नाकात धूळ जात नाही. असो.

हे आजगावकर बोगद्याचे मुख्य. तापट, पण कामाला चोख. नक्कल मागून लोखंडी दांडीवर घट्ट बसवत आणि वारा सोडत. ती कधी डुलली नाही. "खरी कुपीही दगडासारखी सरळ येईल," असं ते छातीठोक सांगत.

मग एकदा रिकामी कुपी खरोखरच आभाळातून सोडली. तिच्या यंत्रांतले आकडे वाचायचं काम सिंधू तोरसेकर या बाईंचं. त्या तडक टेकडी चढून आल्या.

"साहेब, शेवटी कुपी पाळण्यासारखी झुलली. तिला अलगद उतरवणाऱ्या हवाई छत्रीच्या दोऱ्या गुंतता गुंतता राहिल्या."

"तुमच्या यंत्रात खारं पाणी गेलं असेल."

"आकडे कुपी पाण्यात पडायच्या आधीचे आहेत. पुढच्या खेपेला आत मोरजकरांचा रघुवीर बसणार. त्याला काय सांगू? खारं पाणी?"

आजगावकर भडकले. नको ते बोलले. बाई निघून गेल्या. मग ते एकटेच बोगद्यात शिरले, नकलेला ढकलून पाहिलं. ती हलेना. मग त्यांचा हात मागच्या दांडीवर गेला.

"अरे, ही झुलणार कशी? मीच धरून ठेवलीय. वर कोण धरतंय तिला?"

सकाळी त्यांनी दांडी काढायला लावली. नक्कल झेलायला जाळं बांधलं आणि ती वाऱ्यात मोकळी सोडली. ती झुलली. बाई म्हणत होत्या तशीच. आपल्या साऱ्या जुन्या निकालांवर त्यांनी सगळ्यांदेखत काट मारली.

"साहेब, लोक हसतील," कुणीतरी म्हणालं.

"हसू दे. पोरगा जिवंत आला तर तोही हसेल."

मग बाईंना बोलावून घेतलं, आणि झुलणं वाढायच्या आत, मोठ्या छत्रीआधी, कुपीला सावरणारी एक छोटी छत्री उघडायची असं दोघांनी मिळून ठरवलं.

पुढच्या खेपेला कुपीतून उतरलेल्या रघुवीरला समुद्रातून बोटीवर घेतलं तेव्हा सगळे हार घेऊन धावले. आजगावकरांनी हार बाजूला सारला.

"झुलली का रे?"

"झुलली, साहेब. तुम्ही सांगितलं होतंत तेवढीच."

म्हातारे आजगावकर बोटीच्या कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

तात्पर्य: आपण हातात धरून घेतलेली परीक्षा अर्धीच असते. मोकळ्या आभाळाने वेगळं उत्तर दिलं तर आभाळाशी भांडू नये; आधी आपला हात काढून बघावा.