वेलावरचं जून घोसाळं

त्या दिवशी थंड, कोरडा वारा सुटला होता. आभाळ निरभ्र, आणि शेजारच्या कुंपणावरची वाळकी घोसाळी खुळखुळत होती. फार मागची गोष्ट ही, बाळांनो. घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती, नि तिथली चूल गोंदाजी नावाचा आचारी सांभाळायचा.

सकाळीच पाटील आले. म्हणाले, "संध्याकाळी राणीसरकार मुक्कामाला येतायत. भांडी लखलखू देत. कुठं डाग दिसला, तर उद्यापासून ही चूल दुसऱ्याची!"

 चुलीवाचून गोंदाजीला दुसरं होतंच काय? वाळू घेऊन तो पितळेची पातेली आतून-बाहेरून खसाखसा घासू लागला. चिंधी फाटली की ओढ्यात भिरकावायची, नवी घ्यायची.

थोड्या वेळानं शेजारच्या सरूकाकू आल्या. हातात ओली चिंधी.

"गोंदाजी, ही तुझी चिंधी माझ्या घागरीत पाहुणी आली होती. आणि आतून वाळू नको रे लावूस. राख घे, वाळकं घोसाळं घे."

गोंदाजी हसला. "काकू, भजी करायची विसरलात, घोसाळी वेलावर वाळली, नि मला शिकवताय होय?"

"विसरले नाही. कोवळी पोटाला, जून भांड्याला," म्हणत काकू गेल्या.

दुपारी पातेली सोन्यासारखी चमकली. गोंदाजीनं मोठ्या पातेल्यात कढी केली. दिवस कलल्यावर चाखली, आणि थुंकून टाकली. कढी कळकली होती! वाळूनं आतली कल्हई खरवडून निघाली होती. उघड्या पितळेत आंबट टिकतं थोडंच?

 चूल तर जाणारच. पण ही कढी कुणी प्यालं असतं तर? त्यानं ती खड्ड्यात ओतली आणि काकूंचं दार गाठलं.

"काय रे, भजी खायला आलास?" काकू म्हणाल्या. गोंदाजीनं घडलं ते सगळं सांगितलं. तशा काकू आत जाऊन आपलं लग्नातलं पातेलं घेऊन आल्या. बाहेरून मंद, पण आत कल्हई चांदण्यासारखी पांढरी, अभंग. ते घोसाळ्यानंच घासलेलं होतं.

त्यात नवी कढी झाली. राणीसरकार जेवायला बसल्या, तेव्हा पातेलं बघून पाटलांच्या कपाळाला आठी पडली. "आरशासारखं नाही हे."

"आरसा घरी आहे, पाटील," राणी म्हणाली. "कढी वाढा."

चूल गोंदाजीकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओढ्यातल्या चिंध्या वेचल्या. काकूंनी एक वाळकं घोसाळं सोलून झटकलं, तर घासणी हातात राहिली आणि बिया ओंजळीत पडल्या. गोंदाजीनं त्या धर्मशाळेच्या कुंपणाशी लावल्या. पुढे घासणी झिजली की तो ती वेलाच्याच बुडाशी पुरायचा. येणारेजाणारे चिडवत, "आचारीबुवा, भजी विसरलात!" तो नुसता हसायचा.

एकदा काकू नितळ ओढ्यातून घागर भरून येताना त्याच्या वेलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "गोंदाजी, जी स्वच्छता भांडं झिजवत नाही नि शेजाऱ्याचं पाणी नासवत नाही, तीच खरी स्वच्छता."