सुनेची पहार

कोळंबखेडच्या वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला एक जुनं दगडी घर लागतं. त्याच्या एका कोपऱ्याचा पाया हातभर पुढे आलेला, चांगल्या काळ्याभोर चिऱ्यांचा. पाहुणा आला की गावचे भिवाजीबाबा त्याला आधी तिथं नेतात आणि मगच गोष्टीला हात घालतात.

फार वर्षांपूर्वी हे घर गिरजा तेलिणीचं होतं म्हणे. घाण्यावर राबून तिनं ते उभं केलं, मुलाचं लग्न केलं, सोयरा नावाची सून घरात आणली. सोयराला दिवस गेले आणि नेमका तेव्हाच घराचा कोपरा खचू लागला. भिंतीच्या तड्यात आधी बोट जाई, मग अख्खा हात. गाव कुजबुजू लागलं, "सून पांढऱ्या पायाची! तिला माहेरी धाडा, जमीन आपोआप शांत होईल."

गिरजा भडकली. तिनं तुळशीपुढं शपथ घेतली, "माझं नातवंड जन्मेल ते याच घरात!"

नदीपल्याड रायाजी नावाचा नामांकित गवंडी घाट बांधत होता. नदीला पूर होता, नावाडी नको नको म्हणत होता. तरी गिरजा भोपळ्यांच्या सांगडीवर बसून पार गेली आणि रायाजीला घेऊनच परतली, असं सांगतात.

रायाजीनं भिंतीच्या कडेनं पहार आपटत फेरी मारली. ठण्, ठण्, ठण्... आणि कोपऱ्याशी धप्प! तो ओरडला, "बाई, खाली पोकळ आहे! खणा इथं!"

पण धरणीमाता कोपेल म्हणून कुणी पुढं होईना. तेव्हा अवघडलेली सोयरा बाहेर आली. "दोष माझाच ना? मग द्या ती पहार इकडं."

पहिल्याच घावाला जमीन धाडकन आत गेली. गिरजानं सुनेला कमरेला धरून मागं खेचलं. खाली धान्याचं जुनं, विसरलेलं पेव निघालं! तोंड अरुंद, पोट रांजणासारखं, आणि ते थेट कोपऱ्याखाली गेलेलं.

मग एकच धांदल उडाली. तुळयांना सागाचे टेकू लागले. "थोडं थोडंच खणा, नाहीतर भिंत अंगावर येईल!" रायाजी गर्जत होता. मध्येच एक टेकू करकरला, तशी कालपर्यंत कुजबुजणारी माणसं धावली आणि त्यांनी तुळईखाली खांदे दिले. नवा टेकू बसेपर्यंत कुणी हललं नाही. मुरूम लागेपर्यंत खणून, चुन्यात चिरे बसवत पाया वर आणला. पुढं त्याच घरात सोयराला मुलगी झाली आणि गिरजानं गावभर पेढे वाटले.

आजही कोळंबखेडात घर बांधायचं तर आधी गवंड्याला आवतण जातं, आणि पहिली पहार घरची सून मारते. सारं गाव श्वास रोखून ऐकतं. 'ठण्' झालं की हलगी कडाडते. आणि 'धप्प' झालं, तर कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. सगळे आपापल्या घरी कुदळी आणायला पळतात.